जागा संपली, पण सांगायचं कोणी?

व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, एक्स्पोर्टची पट्टी सगळ्यात जास्त कुठे रेंगाळते? उत्तर ठरलेलं: नव्व्याण्णव टक्क्यांवर. लग्नाची दोन तासांची फिल्म असो की यूट्यूबचा वीस मिनिटांचा भाग, अठ्ठ्याण्णवपर्यंत पट्टी सुरळीत जाते आणि पुढच्या टक्क्यावर अडते. बहुतेकदा थोड्या वेळाने ती पुढे सरकते आणि काम होतं. कधी मात्र सॉफ्टवेअर एकदम बंद पडतं. कधी ‘काहीतरी चुकलं’ अशी मोघम चौकट येते. आणि कधी ‘एक्स्पोर्ट पूर्ण’ असा संदेश येतो, क्लायंटला फाइल जाते आणि त्याच्या घरून फोन येतो की ही उघडतच नाही.

या तिन्हींच्या मागे बरेचदा एकच साधं कारण असतं: डिस्क भरली होती. संगणकाला ते कळलं नव्हतं, असं मुळीच नाही. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत या चुकीला २८ हा क्रमांक होता, आणि लिनक्स व मॅकओएसमध्ये आजही तोच आहे. विंडोजमध्ये तो ११२. चूक ओळखण्याचा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. अडतं ते पुढे. हा क्रमांक ऑपरेटिंग सिस्टिमपासून निघून, मधले चार-पाच थर ओलांडून, खुर्चीवर बसलेल्या माणसापर्यंत पोचायला हवा, आणि तोही हातून काही करता येईल अशा वेळी. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडे त्यासाठी ‘एक्सेप्शन’ नावाचं साधन आहे. साधन चांगलंच आहे, पण व्हिडिओच्या अवाढव्य फाइलींशी गाठ पडली की त्याच्या मर्यादा उघड्या पडतात.

व्हिडिओवाल्यांना हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त छळतो, कारण फाइलींचे आकार. अख्खी कादंबरी टाइप केली तरी ती काही मेगाबाइटांत मावते. उलट ॲपलचा प्रोरेस ४२२ एचक्यू हा कोडेक फुल एचडीत, सेकंदाला तीसच्या आसपास फ्रेम धरल्या, तर २२० मेगाबिट प्रति सेकंद खातो. म्हणजे तासाला ९९ जीबी. त्यात पेन ड्राइव्ह किंवा जुनी डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असली, तर एका फाइलला ४ जीबीची कमाल मर्यादा असते. नेमकं सांगायचं तर ४,२९,४९,६७,२९५ बाइट, कारण फाइलचा आकार नोंदवायला त्या रचनेत ३२ बिटच ठेवले आहेत. प्रोरेसची फाइल ही मर्यादा सुमारे अडीच मिनिटांत गाठते. ३२ जीबीपर्यंतची एसडी कार्डं सहसा फॅट३२वर चालतात, म्हणून कॅमेरे लांब शॉटचे तुकडे करून देतात. एडिटिंग सॉफ्टवेअर सहसा तसं करत नाही. ते लिहीत सुटतं आणि ४ जीबीला ठेचकाळतं. लिनक्स इथे २७ क्रमांकाची चूक देतं: फाइल फार मोठी झाली. पण हा २७ वाटेत हरवला आणि नुसतं ‘लिहिता आलं नाही’ एवढंच वर पोचलं, तर डिस्कवर ५०० जीबी मोकळी दिसत असताना हे असं का म्हणतंय, हे वापरणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

बाकीच्या चुका झटपट सांगतो. एक्स्पोर्ट चालू असताना कुणाचा तरी पाय केबलमध्ये अडकून डिस्क सुटली, तर क्रमांक ५. फोल्डरमध्ये लिहायची परवानगीच नसेल तर १३. कार्डाची लॉकची खिट्टी सरकलेली असेल तर ३०. ऑफिसच्या सर्व्हरवर वाट्याला आलेली जागा संपली, तर लिनक्समध्ये १२२. यातल्या परवानगी आणि लॉकच्या चुका पहिल्याच क्षणी कळतात, म्हणून त्या त्रासदायक नाहीत. त्रास देतात त्या मध्येच किंवा शेवटी उगवणाऱ्या.

शेवटी उगवणाऱ्या चुकीचं मूळ एमपी४ फाइलच्या घडणीत आहे. ही फाइल म्हणजे एकापुढे एक ठेवलेले बॉक्स. पहिल्या छोट्या बॉक्समध्ये ‘मी कोणत्या प्रकारची फाइल आहे’ हे असतं. मग ‘एमडॅट’ नावाचा प्रचंड बॉक्स, त्यात चित्र आणि आवाज. आणि ‘मूव्ह’ नावाचा एक बॉक्स, त्यात अनुक्रमणिका: कोणती फ्रेम कितव्या बाइटपासून सुरू होते, किती बाइटांची आहे, किती वेळ दाखवायची. ही अनुक्रमणिका शेवटची फ्रेम एन्कोड होईपर्यंत पुरी होऊच शकत नाही, म्हणून ती सगळ्यात शेवटी लिहिली जाते. आता कल्पना करा, एमडॅट लिहून झाला आणि डिस्कवर ४० केबी उरले. चित्र आहे, आवाज आहे, सगळं जागच्या जागी आहे, फक्त कुठे काय आहे ते सांगणारं काही नाही. प्लेअर म्हणतो ‘मूव्ह ॲटम नॉट फाउंड’ आणि हात वर करतो. पाच तासांच्या रेंडरचं मातेरं करायला काही केबींची कमतरता पुरते.

नव्व्याण्णव टक्क्यांचं एक गुपितही इथेच आहे. वेबवर व्हिडिओ पटकन सुरू व्हावा म्हणून अनुक्रमणिका फाइलच्या सुरुवातीला असलेली बरी. तिचा आकार आधी ठाऊक नसतो. म्हणून ‘फास्टस्टार्ट’ हा पर्याय निवडला असेल, तर सॉफ्टवेअर काम संपल्यावर सगळा एमडॅट मागे सरकवतं आणि पुढे जागा करून मूव्ह तिथे बसवतं. तीस जीबीची फाइल पुन्हा वाचायची आणि पुन्हा लिहायची. पट्टी अडकली असं वाटतं तेव्हा बरेचदा हे चाललेलं असतं, आणि नेमक्या याच टप्प्यावर लिहिण्यात चूक झाली, तर धड जुनी रचना नाही आणि धड नवी नाही, अशी फाइल हातात उरते.

आता साधनाकडे येऊ. चूक सांगायच्या दोन रीती आहेत. जुनी रीत सी भाषेची: प्रत्येक फंक्शनने काम झाल्यावर एक आकडा परत द्यायचा, शून्य किंवा जास्त असेल तर ठीक, उणे असेल तर चूक. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेला एफएफएमपेग हा प्रकल्प सीमध्येच आहे, आणि व्हिडिओची कितीतरी सॉफ्टवेअरं पोटात त्याचाच आधार घेतात. डिस्क भरली की एफएफएमपेगचं पॅकेट लिहिणारं फंक्शन उणे २८ परत देतं. तो आकडा पाहायचा की नाही, हे बोलावणाऱ्याच्या मर्जीवर. न पाहता पुढे गेलं तर भाषा चकार शब्द काढत नाही. पुढची फ्रेम एन्कोड होते, तीही लिहिली जात नाही, आणि हे शेवटपर्यंत चालू राहतं.

दुसरी रीत एक्सेप्शनची. १९७५ साली जॉन गुडइनफ यांनी या विषयावर एक पायाभूत निबंध लिहिला. त्याच दशकात एमआयटीमध्ये बार्बरा लिस्कोव्ह यांच्या सीएलयू भाषेत ही कल्पना नीट उतरली, आणि १९९०च्या सुमारास अँड्र्यू कोनिग आणि बियार्ने स्ट्रॉउस्ट्रुप यांनी ती सी प्लस प्लसमध्ये आणली. कल्पना अशी: चूक झाली की फंक्शन आकडा परत देत बसत नाही, एक्सेप्शन ‘थ्रो’ करतं. तिथलं काम तिथेच थांबतं. एक्सेप्शन बोलावणाऱ्याकडे जातं, त्याने ‘कॅच’ केलं नाही तर त्याला बोलावणाऱ्याकडे, असं वर वर चढत जातं. वाटेत मधल्या फंक्शनांनी उघडलेल्या वस्तू आपोआप आवरल्या जातात. कुणीच झेललं नाही तर प्रोग्राम बंद पडतो. म्हणजे कानाडोळा करायचा म्हटलं तरी करता येत नाही, आणि हाच या रीतीचा मोठा गुण.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, ते पाहायला ओपनशॉट हे उदाहरण सोयीचं आहे. जोनाथन थॉमस यांनी २००८ साली सुरू केलेलं हे मुक्त एडिटिंग सॉफ्टवेअर. त्याचं इंजिन सी प्लस प्लसमध्ये, दर्शनी भाग पायथॉनमध्ये, आणि सगळा कोड कुणालाही वाचायला खुला. इंजिनात एक्सेप्शनांची एक स्वतंत्र यादीच आहे: इनव्हॅलिड फाइल, इनव्हॅलिड कोडेक, इनव्हॅलिड फॉरमॅट, नो स्ट्रीम्स फाउंड, आउट ऑफ मेमरी, एरर एन्कोडिंग व्हिडिओ, एरर एन्कोडिंग ऑडिओ, रायटर क्लोज्ड. नावं वाचूनच कळतं की लिहिणाऱ्याने काय काय बिघडू शकतं याचा विचार बसून केला आहे. फाइल न उघडताच कुणी फ्रेम लिहायला गेलं, तर रायटर क्लोज्ड फेकलं जातं आणि ‘आधी ओपन करा’ असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. एका प्रोग्रामरने दुसऱ्याला सांगायची गोष्ट म्हणून हे नेमकं आहे.

आता आपल्या २८चा प्रवास बघा. सर्वांत खाली एफएफएमपेग उणे २८ देतं. त्याच्या वर इंजिनातलं एक पॅकेट लिहिणारं फंक्शन आहे. ते आकडा पाहतं, चुकीचं वर्णन डीबग लॉगमध्ये नोंदवतं आणि स्वतः फक्त ‘खोटं’ असं उत्तर परत देतं. आकडा इथे संपला. उरलं हो किंवा नाही. त्याच्या वरचा थर हे ‘नाही’ पाहतो आणि ‘व्हिडिओ लिहिताना चूक झाली’ असं एक निशाण लावून ठेवतो. लगेच एक्सेप्शन फेकत नाही. सगळ्या रांगेतल्या फ्रेमचं काम आटोपलं की मग मुख्य थ्रेडमधून एरर एन्कोडिंग व्हिडिओ फेकलं जातं, सोबत मजकूर एवढाच की फ्रेम लिहिताना चूक झाली.

निशाण लावायचा हा द्राविडी प्राणायाम आळसापोटी आलेला नाही. व्हिडिओचं काम एकाच वेळी अनेक थ्रेडवर चालतं, आणि ओपनशॉटच्या इंजिनाने त्यासाठी ओपनएमपी ही पद्धत वापरली. तिचा नियम असा की समांतर भागात फेकलेलं एक्सेप्शन त्याच भागात, त्याच थ्रेडने झेललं पाहिजे. ते बाहेर सुटलं तर प्रोग्राम कोसळतो. एक्सेप्शन ‘बोलावणाऱ्याकडे’ चढत जातं हे वर सांगितलं, पण स्वतंत्र थ्रेडला बोलावणारा असा कुणी नसतोच. म्हणून निशाण, आणि मग मुख्य थ्रेडवर आल्यावर फेकाफेकी. नंतरच्या सी प्लस प्लसमध्ये एक्सेप्शन एका थ्रेडमधून दुसऱ्यात नेण्याची सोय आली, पण निशाणाची रीत साधी असल्याने अजूनही सर्रास दिसते.

पुढचा थर पायथॉनचा. दोन भाषांच्या सीमेवर एक्सेप्शनची जात टिकवणं कटकटीचं असतं. ओपनशॉटच्या एक्स्पोर्ट खिडकीच्या कोडमध्ये कुठलंही एक्सेप्शन झेलून, त्याचा मजकूर शब्दांत उतरवून, त्या शब्दांत ‘इनव्हॅलिड चॅनल्स’ वगैरे नाव सापडतंय का हे शोधलेलं दिसतं, आणि याहून चांगला मार्ग सापडायला हवा अशी प्रामाणिक टीपही शेजारी आहे. मग चौकट येते: माफ करा, तुमचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना चूक झाली. २८ लॉगमध्ये पडून आहे. वापरणारा कोडेक बदलून पाहतो, रिझोल्युशन कमी करतो, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतो. डिस्क रिकामी करायचं त्याला सुचत नाही, कारण तसं त्याला कुणी सांगितलेलं नाही.

ओपनशॉटला नावं ठेवायला हे सांगत नाही. बंद दाराआड लिहिलेल्या महागड्या सॉफ्टवेअरांत याहून वेगळं काही असेल असं मानायला कारण नाही. इथे निदान आपल्याला आत डोकावता येतं. एक्सेप्शनचं नाव ‘आमचं कोणतं काम अडलं’ यावरून ठेवायचं की ‘कशामुळे अडलं’ यावरून, हा निर्णय बहुतेक प्रोग्रामर पहिल्या बाजूने घेतात. व्हिडिओ लिहिता आला नाही हे कामाचं नाव. जागा नाही, केबल सुटली, फाइल ४ जीबीच्या वर गेली, ही कारणांची नावं. माणसाला हवं असतं कारण. मूळ आकडा एक्सेप्शनच्या पोटात घालून वर नेणं हे दोन ओळींचं काम आहे, आणि माझ्या मते एक्स्पोर्टच्या कोडमध्ये सगळ्यात जास्त मोबदला देणाऱ्या ओळी त्याच.

इथवर प्रश्न निरोप पोचवण्याचा होता. त्याहून अवघड प्रश्न हा की चूक झाली हे मुळात केव्हा कळतं. प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमला म्हणतो, हे बाइट लिही. सिस्टिम म्हणते, लिहिले. खरं तर ते अजून रॅममध्ये असतात. हॉटेलात वेटरने ‘आणतो साहेब’ म्हणावं आणि ऑर्डर अजून त्याच्या डोक्यातच असावी, तसं. लिनक्स असे बाइट साधारण अर्ध्या मिनिटापर्यंत रॅममध्ये ठेवू शकतं आणि मग सवडीने डिस्कवर उतरवतं. लिनक्सच्या माहितीपानांत हे स्वच्छ नोंदवलेलं आहे: राइट यशस्वी झालं म्हणजे बाइट डिस्कवर गेले याची हमी नाही. हमी हवी तर ‘एफसिंक’ म्हणून मागावी लागते, आणि ती मागितली की काम मंदावतं. त्या मधल्या वेळात केबल सुटली, तर चूक पुढच्या कुठल्यातरी राइटला कळते, किंवा फाइल बंद करताना, किंवा कधीच नाही. नेटवर्कवरच्या डिस्कवर जागा संपल्याची बातमी तर पुष्कळदा फाइल बंद करतानाच येते.

२०१८ साली पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींना याहून वाईट गोष्ट उमगली. एफसिंकने एकदा चूक सांगितली, म्हणून प्रोग्रामने पुन्हा एफसिंक केलं, तर लिनक्स ‘सगळं ठीक’ म्हणायचं, कारण न लिहिलेले बाइट त्याने दरम्यान लिहिलेले म्हणून खपवले होते. वर्षानुवर्षं जगभरची खाती सांभाळणाऱ्या प्रोग्रामरांचा जिथे दुसऱ्या एफसिंकच्या ‘ठीक’वर विश्वास होता, तिथे व्हिडिओवाल्यांचं काय घेऊन बसलात.

आणि फाइल बंद करण्याच्या याच क्षणी सी प्लस प्लसचं एक्सेप्शन लंगडं पडतं. त्या भाषेत फाइल सांभाळणारी वस्तू नाहीशी होताना तिचा ‘डिस्ट्रक्टर’ फाइल आपोआप बंद करतो. सोय उत्तम, विसरायला होत नाही. पण डिस्ट्रक्टरने एक्सेप्शन फेकायचं नसतं. २०११च्या प्रमाण आवृत्तीपासून तर तो तसं करू लागला, की प्रोग्राम तडकाफडकी संपवला जातो. मग बंद करताना जागा संपली तर? प्रमाण लायब्ररीतला डिस्ट्रक्टर ती चूक गिळतो. भर म्हणजे, फाइलींसाठी असलेल्या स्ट्रीम या वस्तू भाषेत एक्सेप्शन यायच्या आधीपासूनच्या. त्या आपणहून एक्सेप्शन फेकत नाहीत. आत एक बिट बदलून गप्प बसतात. ‘चूक झाली तर फेक’ असं त्यांना आधी सांगून ठेवावं लागतं. तेव्हा फाइल हातानेच बंद करायची, तिचं उत्तर पाहायचं, आणि मगच ‘पूर्ण’ म्हणायचं. अनुक्रमणिका लिहिणाऱ्या फंक्शनचं उत्तर पाहणंही यातच आलं. ती ओळ कोडच्या अगदी तळाशी, ‘आता काय, झालंच’ अशा जागी असते, म्हणून तिथलं उत्तर पाहायचं राहून जातं.

चूक गिळली गेली की काय होतं, याचा चित्रपटसृष्टीतला नमुना पिक्सारचा. १९९८ साली टॉय स्टोरी २ बनत असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फाइली भराभर पुसल्या गेल्या. बॅकअप होता, म्हणून आधी कुणी फारसं घाबरलं नाही. बॅकअप उघडला तर तो धड नव्हता. तिथले ओरेन जेकब यांनी पुढे सांगितलं की बॅकअप ४ जीबीच्या मर्यादेला भिडला होता, आणि चुकीची नोंद जिथे व्हायची ती लॉग फाइल त्याच भरलेल्या जागेत होती. साहजिकच लॉग शून्य बाइटांची. रिकामी लॉग पाहणाऱ्याला वाटणार, चुका नाहीत. चित्रपट वाचला तो गॅलिन सुस्मन यांनी घरून काम करण्यासाठी नेलेल्या प्रतीमुळे. चुकीची वार्ता लिहायलाही जागा लागते, ही गोष्ट एक्सेप्शन झेलणाऱ्या कोडलाही लागू आहे: डिस्क भरली हे कळल्यावर त्याच डिस्कवर सविस्तर लॉग लिहायला बसणारे प्रोग्राम कमी नाहीत.

आता समजा सगळं नीट केलं. २८ वेळेत कळला, कारणासकट वर पोचला, चौकटीत स्वच्छ मराठीत आलं की ‘डी ड्राइव्हवर जागा संपली आहे’. एडिटर जागा मोकळी करतो. आणि एक्स्पोर्ट पहिल्यापासून सुरू करतो. पाच तासांतले साडेचार तास वाया. असं का? कारण एक्सेप्शन वर चढताना वाटेतलं सगळं आवरत जातं. एन्कोडरची आतली अवस्था, रांगेतल्या फ्रेम, कुठवर लिहिलं त्याचा हिशेब, सगळं. चौकट दिसते तेव्हा परतायला काही उरलेलं नसतं.

हे अपरिहार्य नव्हतं. जुन्या पीएल-वन भाषेत चूक निस्तरून पुन्हा त्याच जागी काम चालू करता यायचं. कॉमन लिस्पमध्ये आजही येतं: झेलणारा आधी धावतो, वाटेतलं काही न मोडता, आणि ‘पुन्हा प्रयत्न कर’ म्हणू शकतो. सी प्लस प्लसची रचना ठरत असताना १९९१ साली पालो आल्टोच्या बैठकीत यावर खूप खल झाला. स्ट्रॉउस्ट्रुप यांनी आपल्या १९९४च्या पुस्तकात ते सांगितलं आहे. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत काम केलेले जिम मिचेल यांनी तिथला अनुभव मांडला: पाच लाख ओळींच्या एका सिस्टिममध्ये आधी पुन्हा चालू करण्याची सोय जागोजागी वापरलेली होती, दहा वर्षांत एकेक करून ती काढली गेली, आणि शेवटी उरलेली एकमेव जागाही गरजेची नव्हती असं निघालं. या पुराव्यावर तो पर्याय वगळला गेला, आणि पुढच्या बहुतेक भाषांनी तीच वाट धरली.

सर्वसाधारण प्रोग्रामांसाठी तो निर्णय बरोबर होता असं मलाही वाटतं. पण डिस्क भरणं ही विलक्षण चूक आहे. प्रोग्राममध्ये काहीच बिघडलेलं नाही, फाइल शाबूत आहे, माणसाने दोन जुने फोल्डर उडवले की अडचण संपली. एवढ्यासाठी पाच तासांची इमारत पाडायची हे एडिटरला पटण्यासारखं नाही. म्हणून इथे शहाणपणाचं हे, की २८साठी एक्सेप्शन फेकूच नये, निदान लगेच नको. एफएफएमपेगमध्ये बाइट लिहिणारं फंक्शन आपलं स्वतःचं देता येतं. त्या फंक्शनमध्ये २८ आला की तिथेच थांबायचं, खिडकीला सांगायचं, माणूस ‘जागा केली’ म्हणाला की तेच बाइट पुन्हा लिहायचे. ‘रद्द करा’ म्हणाला तरच फेकायचं. यात एक खाचखळगा आहे: सिस्टिम ६४ केबीपैकी २० केबी लिहून ‘२० लिहिले’ एवढंच म्हणते आणि २८ पुढच्या खेपेला देते. पुन्हा लिहिताना पहिले २० सोडून पुढचे लिहायचे. नाहीतर फाइलच्या मधोमध तेच बाइट दोनदा पडतात आणि पुढच्या सगळ्या फ्रेमचे पत्ते चुकतात.

व्हीएफएक्सवाल्यांनी हा प्रश्न मुळातच वेगळ्या रीतीने टाळला. ते एकसंध व्हिडिओ फाइल रेंडर करतच नाहीत. प्रत्येक फ्रेम वेगळी चित्रफाइल म्हणून लिहितात. चार हजाराव्या फ्रेमला डिस्क भरली, तर तीन हजार नऊशे नव्व्याण्णव सुखरूप. ब्लेंडर या ॲनिमेशन सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेतही लांब ॲनिमेशनसाठी हीच शिफारस आहे. मात्र तिथेही अर्धवट लिहिलेल्या फाइलचं काय, हा प्रश्न उरतो. ब्लेंडरमध्ये ‘ओव्हरराइट’ बंद ठेवून पुन्हा रेंडर सुरू केलं, की आधीपासून असलेल्या फ्रेम तो सोडून पुढे जातो. फाइल आहे एवढंच तो पाहतो, पुरी आहे का ते पाहत नाही. तेव्हा जिथे रेंडर थांबलं ती शेवटची फ्रेम हाताने पुसूनच पुढे जावं.

रेकॉर्डिंगमध्ये तर पुन्हा रेंडर करण्याची सोयच नसते. म्हणून ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बरीच वर्षं एमकेव्हीचा आग्रह धरत होतं. त्या रचनेत व्हिडिओ छोट्या स्वयंपूर्ण तुकड्यांत लिहिला जातो आणि मध्येच थांबला तरी तोवरचा भाग दिसतो. २०२४ साली ३०.२ या आवृत्तीत त्यांनी ‘हायब्रिड एमपी४’ आणलं: लिहिताना तुकड्यातुकड्यांत, आणि शेवट नीट झाला तर साधी एमपी४.

प्रोजेक्ट फाइलची गोष्ट थोडी निराळी. ती छोटी असते, पण तिच्यात महिनाभराची कापाकापी असते. तिच्यासाठी उपाय जुना आणि खात्रीचा आहे: मूळ फाइलला हात न लावता शेजारी तात्पुरत्या नावाने लिहायचं, एफसिंक करायचं, सगळं ठीक असेल तरच नाव बदलून मूळ जागी बसवायचं. क्यूटी या लायब्ररीत २०१३पासून हे सगळं एका क्लासमध्ये बांधून दिलेलं आहे, आणि गंमत म्हणजे तो एक्सेप्शन फेकत नाही. ‘कमिट’ने हो किंवा नाही परत येतं. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही एडिटिंग सॉफ्टवेअरं क्यूटीवर उभी आहेत, ओपनशॉटची खिडकीही त्याच्यावरच. क्यूटीच्या इव्हेंट हँडलरमधून एक्सेप्शन बाहेर सुटलेलं क्यूटीला चालत नाही, तसा इशाराच ते छापतं. म्हणजे अशा सॉफ्टवेअरात एक्सेप्शन इंजिनात फेकायचं आणि खिडकीच्या उंबऱ्यावर झेलून टाकायचं. उंबरा ओलांडला की पुन्हा साधे आकडे आणि संदेश.

हे सगळं पडताळून पाहायला प्रोग्रामर असण्याची गरज नाही. लिनक्सवाल्यांकडे ‘डेव्ह फुल’ नावाचं एक खोटं उपकरण असतं. त्यात काहीही लिहा, ते कायम २८च परत देतं. बाकीच्यांनी एक जुना पेन ड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करावा आणि आपल्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमधून अर्ध्या तासाचा व्हिडिओ २५ मेगाबिटच्या गतीने थेट त्यावर एक्स्पोर्ट करावा. फाइल साडेपाच जीबीच्या पुढे जाणार, म्हणजे ४ जीबीला अडणार हे नक्की. मग बघा, संदेश येतो का, कधी येतो, त्यात कारण असतं का, आणि अर्धवट फाइल तशीच सोडली जाते का. त्याच ड्राइव्हवर त्याच नावाची एक छोटी, चांगली फाइल आधीच ठेवली असेल तर तीही तपासा: जी सॉफ्टवेअरं थेट त्याच नावावर लिहितात, ती एक्स्पोर्टचं बटण दाबताक्षणीच जुनी फाइल शून्य बाइटांची करून टाकतात, नवी पुरी होणार की नाही हे कळायच्या कितीतरी आधी.